इमारत पाडणार, म्हणजे नेमके काय होणार?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरी भागातील ४१ इमारती महापालिकेने जमीनदोस्त केल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबांचा निवारा गेला. दर पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा दक्षिण मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची यादी जाहीर करते. त्याच सुमारास पुण्यात किंवा ठाण्यात एखादी सोसायटी पुनर्विकासासाठी आपली जुनी इमारत रिकामी करत असते. या सगळ्या बातम्यांत ‘डिमॉलिशन’ हा एकच शब्द असतो, सरकारी नोटिशीत त्यालाच ‘निष्कासन’ म्हणतात, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की सगळीकडे एकच गोष्ट घडते आहे.

प्रत्यक्षात इमारत तीन अगदी वेगळ्या कारणांनी पाडली जाते: ती धोकादायक झाली म्हणून, ती बेकायदा आहे म्हणून, किंवा राहणाऱ्यांनाच तिच्या जागी नवी हवी आहे म्हणून. तिन्ही वेळा शेवटी राडारोडाच उरतो, परंतु कायदा वेगळा असतो, मिळणारी मुदत वेगळी असते आणि घर गेल्यानंतर हातात राहणारा हक्क तर पूर्णपणे वेगळा असतो. म्हणून दारावर नोटीस लागली की तिच्यातील तारखेच्याही आधी तिच्यातील कलम वाचावे.

इमारत उभी कशी राहते

पाडणे समजण्यासाठी आधी उभे राहणे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक इमारती आरसीसीच्या, म्हणजे आत लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या असतात. माणसांचे आणि सामानाचे वजन स्लॅबवर येते, स्लॅब ते बीमवर टाकतो, बीम खांबांवर आणि खांब पायाच्या मार्गाने जमिनीत. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही. तो ताण सळ्या घेतात. वजनाचा हा प्रवास जोपर्यंत अखंड आहे, तोपर्यंत इमारत उभी असते. खांब तुटला की त्याच्यावरचे वजन शेजारच्या खांबांवर जाते आणि त्यांनाही ते पेलले नाही, तर संपूर्ण इमारत काही क्षणांत खाली येते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांवरच सगळ्यांचे बोट होते. आपल्या घरातील खांब किंवा बीम आपल्या एकट्याच्या मालकीचा नसतो, ही गोष्ट नूतनीकरण करताना फार थोडे लोक लक्षात घेतात.

स्फोटाने पाडताना इमारत उडवत नाहीत

नोएडातील सुपरटेक या बांधकाम कंपनीचे दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता पाडण्यात आले, तेव्हा देशभर लोकांनी ते दृश्य थेट पाहिले. सुमारे शंभर मीटर उंचीचे ते मनोरे पाडायला जवळपास ३,७०० किलो स्फोटके लागली, आणि बारा सेकंदांच्या आत सगळे संपले. पाहणाऱ्याला वाटते की स्फोटकांनी इमारतीचा चुरा केला. खरे तर स्फोटके फक्त खांब निकामी करतात. इमारत पाडते ते तिचे स्वतःचे वजन.

म्हणूनच कामाचा मोठा भाग स्फोटाच्या आधीच झालेला असतो. निवडक मजल्यांवरच्या खांबांत छिद्रे पाडून त्यांत स्फोटके भरतात, तुकडे दूर उडू नयेत म्हणून ते खांब तारेच्या जाळीने आणि जाड कापडाने गुंडाळतात, आणि सर्व स्फोट एकाच वेळी न करता सेकंदाच्या छोट्या छोट्या अंशांच्या अंतराने करतात. अनुभवी लाकूडतोड्या झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला आधी खाच घेतो, तसाच हा हिशेब असतो: ज्या बाजूचे खांब आधी जातात, त्या बाजूला इमारत झुकते. नोएडात शेजारी काही मीटरवर लोक राहत असलेल्या इमारती होत्या, तरी त्यांच्या सांगाड्याला धक्का लागला नाही. एका शेजारच्या सोसायटीची कुंपणाची भिंत तेवढी पडली.

हे तंत्र नेहमीच हुकमी ठरते असे नाही. पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे एकच्या सुमारास सुमारे ६०० किलो स्फोटके वापरून पाडायचे ठरले होते. स्फोट ठरल्याप्रमाणे झाले, धूळ खाली बसली आणि पुलाचा बराचसा भाग जागेवरच दिसला. स्फोटाने काँक्रीट फुटले होते, परंतु आतील सळ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या आणि त्यांनीच पूल धरून ठेवला. उरलेले काम पोकलेनने करावे लागले. स्फोटकांनी काँक्रीटचा भुगा होतो, सळई सहसा तुटत नाही. शंभर मीटरच्या मनोऱ्यात वरून येणारे प्रचंड वजन त्या सळ्या वाकवून टाकते. पुलाला ना तेवढी उंची असते ना डोक्यावर तेवढे वजन.

रोजच्या पाडकामात मात्र स्फोटके जवळजवळ नसतातच. दाट वस्तीत इमारत वरून खाली, मजल्यामागून मजला अशी उतरवतात. आधी दारे-खिडक्या, नळ, वायरी निघतात, मग ब्रेकरने स्लॅब फोडतात, गॅस कटरने सळ्या कापतात आणि खालचे काही मजले राहिले की पोकलेन लागतो. हे काम करणारे मजूर ज्या स्लॅबवर उभे असतात तोच स्लॅब फोडत असतात. हिरव्या जाळीमागे चालणाऱ्या या कामातील अपघातांची बातमी क्वचितच दोन ओळींपलीकडे जाते, याची खंत वाटते.

पहिले कारण: इमारत धोकादायक झाली

मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३५४ आणि राज्यातील इतर महापालिकांच्या कायद्याचे कलम २६४ अशा इमारतींसाठी आहे. नोटिशीत यांपैकी कलम असेल, तर तुमच्यावर कोणताही आरोप नाही. इमारत पडण्याची भीती आहे, एवढेच प्रशासन सांगते आहे.

ही भीती मोजण्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट करतात, आणि ३० वर्षे झालेल्या इमारतींना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यातील एक चाचणी पाहण्यासारखी असते. अभियंता खांबाचा थोडा भाग ताजा फोडतो आणि उघड्या पडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचे द्रावण फवारतो. काँक्रीट निरोगी असेल तर तो भाग गडद गुलाबी होतो. जिथे रंग येत नाही, तिथे हवेतील कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षारगुण संपवलेला असतो. हा क्षारगुण सळईचे गंजण्यापासून रक्षण करतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर तिचे कवच गेले असे समजायचे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सळई आतून फुगते आणि काँक्रीट बाहेर ढकलते. संडास-बाथरूमच्या छताला पोपडे येतात, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो, ते याच कारणाने. समुद्रकाठच्या गावांत हवेतील मीठ हाच परिणाम आणखी लवकर घडवून आणते. वरून गिलावा आणि रंग मारला की पोपडे दिसेनासे होतात, मात्र गंज चालूच राहतो.

ऑडिटनंतर इमारतीचा वर्ग ठरतो. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. ‘सी-२ए’ म्हणजे पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती करायची, आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे. ‘धोकादायक इमारत’ एवढेच शब्द बातमीत आले तर यांपैकी कोणता वर्ग, हे विचारलेच पाहिजे, कारण पाडायची ती फक्त सी-१.

‘चाळीस वर्षे उभी आहे, आता काय होणार?’

हा प्रश्न प्रत्येक जुन्या इमारतीच्या सभेत निघतो. वय हा एकमेव निकष नाही, हे खरे आहे. शंभरी ओलांडलेल्या भक्कम दगडी इमारती आपल्याकडे आहेत, तर ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बांधल्यापासून दहाएक वर्षांतच कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. पण यावरून जुन्या इमारतीला धोका नाही असे ठरत नाही. त्यानंतर महिनाभरातच, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, भिवंडीची १९८४ साली बांधलेली जिलानी इमारत पडली आणि जवळपास ४० माणसे झोपेतच गेली. आजवर उभी राहिली हा उद्या उभी राहील याचा पुरावा नाही, कारण सळईचा गंज दरवर्षी पुढेच सरकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भाडेकरूंना बाहेर काढण्यासाठी मालक किंवा बिल्डर हवा तसा अहवाल करून घेतात. ही शंका निराधार नाही, आणि व्यवस्थेने ती मान्यही केली आहे. रहिवासी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या अभियंत्याकडून ऑडिट करून घेऊ शकतात, आणि दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर मुंबईत प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. माझे मत असे की लढायचे तर याच मार्गाने लढावे. अहवाल खोटा आहे असे नुसते म्हणत पावसाळ्यात आत राहणे ही फार महाग पडू शकणारी पैज आहे.

दुसरे कारण: इमारत बेकायदा आहे

येथे इमारत कितीही मजबूत असो, प्रश्न परवानगीचा असतो. परवानगीच नसणे, मंजूर नकाशापेक्षा जास्त मजले चढवणे, आरक्षित जागेवर बांधणे, दोन इमारतींतील किमान अंतर न सोडणे, हे सगळे यात येते. नोएडाचे मनोरे कमकुवत नव्हते. ते शेजारच्या इमारतीला नियमापेक्षा जास्त खेटून आणि तेथील सदनिकाधारकांची संमती न घेता उभारले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते पाडायला सांगितले. केरळमधील मराडूचे चार निवासी संकुलही जानेवारी २०२० मध्ये पाडण्यात आले ते किनारपट्टीच्या नियमांचा भंग झाला म्हणून.

महाराष्ट्रात अशा नोटिशीत बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजेच एमआरटीपी कायद्याचे कलम ५३ असते. नोटिशीत मुदत दिलेली असते, आणि त्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज करता येतो. नियमात बसवता येण्यासारखे उल्लंघन दंड भरून नियमित होऊ शकते. रस्त्यासाठी, शाळेसाठी किंवा सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जमिनीवरची इमारत मात्र सहसा त्यात बसत नाही; नालासोपाऱ्यात नेमके हेच आडवे आले.

‘रेरा क्रमांक होता, कर्ज मिळाले, मालमत्ता कर भरतो, मग बेकायदा कसे?’

हा आक्षेप ऐकताना जीव तुटतो, कारण असे म्हणणारी माणसे बहुतांशी प्रामाणिक असतात. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींत महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची, नोंदणी मिळवली गेली होती. घर घेणाऱ्याने संकेतस्थळावर क्रमांक पाहिला, बँकेने कर्ज दिले, दस्त नोंदला गेला, आणि तरीही मुळातील परवानगी अस्तित्वातच नव्हती.

यातला प्रत्येक कागद वेगळे काहीतरी सांगतो. दस्तनोंदणी म्हणजे व्यवहाराची नोंद; इमारत कायदेशीर असल्याची हमी त्यात नसते. मालमत्ता कर जागा वापरात आहे म्हणून आकारतात, त्याने बांधकाम वैध होत नाही. उलट अनधिकृत बांधकामाला दंडासह जादा कर लावण्याची तरतूद आहे, आणि तो शास्तीकर पिंपरी-चिंचवडकरांनी अनेक वर्षे अनुभवला आहे. बांधकामाची वैधता दोनच कागदांवर ठरते: बांधकाम सुरू करण्याची परवानगी, म्हणजे सीसी, आणि बांधून झाल्यावर मिळणारा भोगवटा दाखला, म्हणजे ओसी. या दोन्हींची खातरजमा बिल्डरच्या फाइलमधून करू नये. थेट महापालिकेच्या नगररचना विभागातून करावी. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकांनाही सांगितले की भोगवटा दाखला तपासल्यानंतरच कर्ज द्यावे. ज्यांनी आधीच आयुष्याची पुंजी ओतली, त्यांच्यासाठी हे उशिरा आले. त्यांच्याकडे उरतो तो बिल्डरविरुद्ध परताव्याचा आणि नुकसानभरपाईचा दावा. नोएडात न्यायालयाने घर घेणाऱ्यांना १२ टक्के व्याजासह पैसे परत द्यायला लावले, कारण समोर ओळखता येण्यासारखी कंपनी होती. बनावट कागदांवर इमारत उठवून पसार झालेल्या माणसाकडून तेवढे वसूल करणे फार अवघड असते. परवानगी न तपासता डोळे मिटून राहिलेल्या यंत्रणेवरही या भरपाईचा काही भार पडला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

बुलडोझर आणि पंधरा दिवस

बेकायदा असले तरी उठून लगेच पाडता येत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने याची चौकट घालून दिली. आधी कारणे दाखवा नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि इमारतीवरही लावायची. ती मिळाल्यापासून किमान १५ दिवस. मग प्रत्यक्ष सुनावणी. नंतर कारणांसह आदेश, ज्यात हे बांधकाम नियमित का होऊ शकत नाही हेही लिहायचे. त्यानंतर आणखी १५ दिवस, जेणेकरून माणसाला अपील करता येईल किंवा स्वतः बांधकाम काढता येईल. आणि पाडताना चित्रीकरण. नोटीस मागच्या तारखेची दाखवता येऊ नये म्हणून ती बजावताच जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची. एखाद्यावर गुन्हा दाखल आहे म्हणून त्याचे घर पाडणे घटनाबाह्य आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट सांगितले. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते. एप्रिल २०२५ मध्ये प्रयागराजमधील घरे अशी घाईने पाडल्याबद्दल तेथील विकास प्राधिकरणाला प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला सांगण्यात आले.

याला दोन अपवाद आहेत, आणि ते बातम्यांत हमखास गळतात. रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा किंवा नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामाला हे संरक्षण नाही. आणि पाडण्याचा आदेश न्यायालयानेच दिला असेल, तरीही नाही.

पदपथावर राहणाऱ्याला मग काहीच हक्क नाही का, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर मुंबईतूनच आले आहे. पदपथावरील झोपड्या हटवण्याच्या विरोधातील ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने जुलै १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालात पदपथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला गेला, मात्र पावसाळा संपल्याशिवाय झोपड्यांना हात लावू नये असे बजावले गेले. हा निकाल एकाच बाजूने सांगितला जातो तेव्हा त्याचा अर्थ बिघडतो.

तिसरे कारण: आपणच पाडतो

पुनर्विकासात इमारत संमतीने पाडली जाते, म्हणून लोक निर्धास्त असतात. धोका याच निर्धास्तपणात आहे. इमारत उभी असेपर्यंत बिल्डरला तुमची गरज असते. ती पाडल्यावर तुम्हाला त्याची गरज असते. म्हणून नव्या घराचे क्षेत्रफळ, भाडे, मुदत आणि बँक हमी लिहिलेला करार प्रत्येक सभासदाच्या नावे नोंदणीकृत झाल्याखेरीज, आणि नव्या बांधकामाच्या मंजुऱ्या स्वतः पाहिल्याखेरीज, किल्ली देऊ नये. भाडे थांबलेले आणि नुसता खड्डा खणून ठेवलेला, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे अडकलेल्या सोसायट्या मुंबईत कमी नाहीत.

इमारत गेल्यावर कोणाकडे काय उरते

अनेक भाडेकरू सी-१ इमारत सोडत नाहीत, कारण बाहेर पडलो की हक्क संपला, अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१४ मध्ये सांगितले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला घालून दिलेल्या पद्धतीनुसार, धोकादायक इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातील क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद करावी लागते. ही नोंद हाच पुढच्या हक्काचा पाया असल्याने तिची प्रत घेतल्याशिवाय घर सोडू नये. आणि ती मिळाल्यावर घर सोडायला एक दिवसही लावू नये.

मालकीच्या सदनिकेचे गणित वेगळे आहे. इमारत गेल्यावर उरते ती जमीन, आणि ती जमीन असंख्य सोसायट्यांच्या नावावर झालेलीच नाही. बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून दिले नसेल तर सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर अजूनही त्याचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव असते, आणि इमारत पडल्यावर तिच्या जागी काय व्हायचे, यात तेच नाव आडवे येते. यावर उपाय म्हणून सदनिकांच्या मालकीविषयीच्या मोफा कायद्याच्या कलम ११ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे: बिल्डरच्या सहीवाचून जिल्हा उपनिबंधकांच्या आदेशाने जमीन सोसायटीच्या नावे होते. त्यासाठी सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे, सभासदांची यादी, मंजूर नकाशा आणि जमिनीचे उतारे लागतात. हे कागद गोळा करायला इमारत उभी असताना जेवढे सोपे जाते, तेवढे सगळे सभासद चार दिशांना भाड्याच्या घरांत पांगल्यावर जात नाही.